आजची आवक

मजकूर लिहायला मला अनेकांनी शिकवलं. तो ताजा कसा ठेवायचा हे मात्र वाशीच्या फळबाजारातल्या एका मेहताजींनी शिकवलं. गाळ्यावर सगळे त्यांना काका म्हणत, मीही काकाच म्हणायचे. मूळचे जुन्नरकडचे, शाळा सातवीपर्यंत, अक्षर मात्र छापल्यासारखं. आज वेबसाइटांच्या मजकुराचं स्वतःचं छोटंसं काम मी करते, त्याचा पाया त्यांच्या गाळ्यात घातला गेला. हे देणं पैशांत फिटण्यातलं नाही, म्हणून लिहून ठेवते आहे.

मी कोपरखैरण्यात वाढले. वडील माथाडी कामगार, मसाला मार्केटमध्ये पाठीवर पोती वाहायचे. नवी मुंबईतल्या आमच्यासारख्या हजारो घरांची कथा एकच आहे. गाव सातारा-पुण्याकडचं, बाप मुंबईत हमालीला, पुढे १९६९चा माथाडी कायदा आला, अण्णासाहेब पाटलांच्या संघटनेनं त्या कायद्याला बळ दिलं आणि पाठीवर ओझं वाहणाऱ्या माणसाला हजेरी, भविष्य निर्वाह निधी, दवाखाना मिळाला. बाजार मुंबईतून खाडीपलीकडे आले तशी माणसंही आली. कांदा-बटाटा आधी आला, मग दाणाबंदर, मसाला. फळं आणि भाजी १९९६ साली आली. क्रॉफर्ड मार्केटमध्ये उतरणारा आंबा तेव्हापासून तुर्भ्याला उतरतो, तरी लोक त्याला वाशी मार्केटच म्हणतात.

मी पदवीनंतर महाप्याच्या एका छोट्या कंपनीत लागले. काम होतं गिऱ्हाइकांच्या वेबसाइट गूगलवर वर आणण्याचं, म्हणजे एसईओचं. तो काळ ‘फ्रेश कंटेंट’ या शब्दानं भारलेला होता आणि त्याला कारणही होतं. जून २०१०मध्ये गूगलनं कॅफीन नावाची नवी अनुक्रमणिका आणली. आधीपेक्षा पन्नास टक्के ताजे निकाल मिळतील, असं त्यांनी जाहीर केलं. ३ नोव्हेंबर २०११ला गूगलच्या शोधयंत्रणेचे प्रमुख, झाशीत जन्मलेले अमित सिंघल यांनी आणखी एक बदल सांगितला. ताजेपणाला महत्त्व देणाऱ्या या बदलाचा परिणाम सुमारे ३५ टक्के शोधांवर होणार होता. ही बातमी आमच्या धंद्यात वणव्यासारखी पसरली. प्रत्येक ऑफिसात फर्मान निघालं की दर आठवड्याला नवा मजकूर टाका. आमच्याकडेही हाच नियम होता. विषय संपले की जुना लेख उलटापालटा करायचा, शीर्षकातलं साल बदलायचं, तारीख आजची टाकायची. तिथल्या वरिष्ठांचा यावर मनापासून विश्वास होता आणि काही दिवस आकडे हलायचेही. मग पुन्हा खाली.

याच सुमारास आंब्याच्या एका व्यापाऱ्याचं काम आलं. कोकणातून पेट्या मागवून मुंबईभर घरपोच द्यायच्या, असा त्यांचा नवा बेत होता. वेबसाइट देखणी होती, पण शोधात कुठेच दिसत नव्हती. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं की हापूस हा फळांचा राजा आहे. तेच वाक्य इतर शंभर साइटांवर होतं. मालकांनी मला गाळ्यावर बोलावलं आणि “काय लागेल ते मेहताजींना विचारा,” एवढं म्हणून ते लिलावाकडे गेले.

काकांनी आधी नाव विचारलं, मग वडिलांचं नाव, गाव, वडील कुठल्या टोळीत होते ते. वडिलांना ते ओळखत नव्हते, पण टोळीचा मुकादम त्यांच्या माहितीतला निघाला. तेवढ्यानं मी घरातली झाले. त्यांनी पेटीवर पेटी ठेवून मला बसायला जागा केली, चहा मागवला आणि म्हणाले, “वाच बघू काय लिवलंय ते.” मी मोबाइलवर ते पान वाचून दाखवलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, “पोरी, हे चांगलंय. पण हे वाचून गिऱ्हाइकानं करायचं काय? दिवसभर आमचा फोन वाजतो. कुणी इचारत नाय आंबा राजा हाय का परजा. लोक इचारतात, आज आला का? कुठला आला? कच्चा का तयार? खायला कधी येईल? आन् खराब निघाला तर?”

मी ते पाच प्रश्न वहीत उतरून घेतले. पुढे मी ज्या ज्या साइटवर काम केलं, मग ती पनवेलच्या दवाखान्याची असो की बेलापूरच्या वकिलांची, तिथे हेच पाच प्रश्न त्या धंद्याच्या भाषेत विचारत आले. एसईओवरची जाडजूड पुस्तकं मी नंतर वाचली. त्या पाच प्रश्नांच्या पलीकडचं फार थोडं हाती लागलं.

त्याच हंगामात आम्ही एक साधं पान केलं. नाव दिलं ‘आजची आवक’. रोज पहाटे काका चोपडीत लिहायचे तेच त्यावर यायचं: देवगडचा माल किती, रत्नागिरीचा किती, रायगडचा सुरू झाला का, कर्नाटकचा किती आला, फळ लहान आहे की मोठं, उठाव कसा आहे, कच्च्या पेटीचा दर काय आणि तयार मालाचा काय. काका फोनवर सांगायचे, मी टाइप करायचे. पुढे ते व्हॉट्सअॅपवर चोपडीच्या पानाचा फोटोच पाठवू लागले. एखाददुसरी ओळ त्यांच्या शब्दांत तशीच ठेवायची, हा माझा हट्ट. “आज फळाला चमक नाही, पाऊस पडून गेलाय” असं वाक्य ऑफिसात बसून कुणाला सुचणार?

सुरुवातीला शोधात काही फरक दिसला नाही. पाडवा जवळ आला तसं पान वर सरकू लागलं आणि अक्षय्य तृतीयेपर्यंत पहिल्या पानावर आलं. का आलं, हे मला तेव्हा नीट कळलं. सिंघल यांनी ताजेपणा लागणारे शोध तीन प्रकारचे सांगितले होते. नुकत्याच घडलेल्या घटना, ठरावीक काळानं पुन्हापुन्हा येणाऱ्या गोष्टी आणि सतत बदलत राहणारी माहिती. आंबा या तिन्हींत बसतो. दरवर्षी येतो, रोज त्याचा भाव बदलतो आणि एक वादळ आलं की बातमी होतो. मार्चमध्ये ‘हापूस भाव’ शोधणाऱ्या माणसाला गेल्या मे महिन्यातलं पान काय कामाचं? तेच आमरसाची कृती शोधणाऱ्याला दहा वर्षांपूर्वीचं पानही चालतं, आमरस काही बदलत नाही. म्हणजे प्रत्येक पान ताजं करत बसायची गरजच नसते. कुठलं पान नासतं आणि कुठलं टिकतं, एवढं ओळखायचं असतं. हे ज्ञान काकांच्या बोटांत होतं. पेटीत हात घालून कुठलं फळ आज विकायचं आणि कुठलं दोन दिवस अढीत ठेवायचं, ते न बघता सांगायचे.

त्यांची दुसरी शिकवण मला जास्त मोलाची वाटते. एक दिवस मी फोन केला तर म्हणाले, “आज लिवू नको.” का, तर मालात, दरात, उठावात कालच्यापेक्षा काही फरक नव्हता. मी म्हटलं, काका, तारीख तरी बदलते. त्यावर ते चिडले नाहीत, पण आवाज कडक झाला. “कालचा माल आज आला म्हणून सांगितला, तर त्याला बाजारात काय म्हणतात ठाव हाय ना? चोपडीत लबाडी नाय चालायची.” त्या दिवशी पानावर कालचीच तारीख राहिली.

ऑफिसात यावरून वाद झाला. मी काकांच्या बाजूनं उभी राहिले. साइटच्या सूचीत प्रत्येक पानापुढे ते शेवटचं कधी बदललं याची तारीख देता येते. ती तारीख सातत्यानं खरी असेल तरच आपण तिचा विचार करतो, असं गूगलनं नंतर स्पष्टच सांगितलं. आता तर त्यांच्या मार्गदर्शक सूचनांत थेट प्रश्न आहे: मजकुरात ठोस बदल न करता पान ताजं दिसावं म्हणून तुम्ही तारखा बदलता का? त्याच यादीत पुढे असंही आहे की साइट ताजी वाटावी एवढ्याचसाठी भारंभार नवं टाकलं किंवा जुनं काढून टाकलं, तर त्यानं क्रमांक सुधारत नाही. सातवी शिकलेल्या माणसानं ही गोष्ट चोपडीच्या धर्मातून आधीच ओळखली होती. मी ती ऐकली, एवढंच माझं कर्तृत्व.

चोपडीचा आणखी एक नियम होता. आकडा चुकला तर खाडाखोड करायची नाही. वर एक रेघ मारायची, म्हणजे जुना आकडा खाली वाचता येतो. शेजारी नवा आकडा लिहून सही करायची. आम्ही पानावर तेच केलं. नवा दिवस वर, जुने दिवस त्याखाली, जुने हंगाम आणखी खाली. काहीही पुसलं नाही. काही वर्षांनी या उतरंडीचं मोल दिसलं. लोक विचारू लागले की गेल्या वर्षी पाडव्याला पेटी कितीला होती, पहिला आंबा कधी आला होता. त्याचं उत्तर फक्त आमच्याकडे होतं, कारण बाकीच्यांनी जुनं पान पुसून त्यावरच नवं लिहिलं होतं. ऑगस्ट २०२३मध्ये सीनेट या मोठ्या अमेरिकी संकेतस्थळानं शोधात वर यावं म्हणून हजारो जुने लेख काढून टाकल्याची बातमी आली आणि जुनं असणं हा काही दोष नाही, असा खुलासा गूगलच्या लोकांना करावा लागला. ती बातमी मी काकांना फोनवर सांगितली. त्यांनी एवढंच विचारलं, “मग त्यांचा हिशेब कसा लागंल?”

साक्याचं पान कसं झालं तेही सांगायला हवं. लोक काय शोधत आपल्या साइटवर येतात, याची यादी गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये मिळते. त्यात ‘आंबा आतून पांढरा’, ‘हापूस मध्ये स्पंज’ असे शोध दिसू लागले होते, कुणी मराठीत तर कुणी इंग्रजी अक्षरांत मराठी लिहून केलेले. मी गाळ्यावर गेले. काकांनी एक फळ घेतलं. बाहेरून निर्दोष, केशरी, देठाजवळ घमघमाट. सुरीनं उभं कापलं तर कोयीलगत पांढुरका, भेंडासारखा गर. “ह्यो साका,” ते म्हणाले. “भायेरनं कुणाच्या बापाला कळत नाय. मलाबी नाय.” मग त्यांनी शेजारच्या पेटीतलं दुसरं फळ कापलं. ते चांगलं निघालं. दोन्ही फोडी शेजारी ठेवून मी फोटो काढला आणि तोच पानावर लावला.

त्या पानासाठी मी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची माहितीही वाचली. साका हा रोग नाही, कीडही नाही, फळाच्या वाढीतला दोष आहे. उन्हानं तापलेल्या जमिनीची धग काढलेल्या फळाला लागली तर तो वाढतो. म्हणून फळ काढल्यावर लगेच सावलीत न्यावं आणि झाडावर फार पिकू देऊ नये. या दोषापासून मुक्त असलेली ‘रत्ना’ ही जात दापोलीनं नीलम आणि हापूस यांच्या संकरातून १९८१मध्येच दिली होती. विद्यापीठाचं ज्ञान आणि काकांच्या सुरीखालची फोड एका पानावर आली आणि ते पान वर्षानुवर्षं वाचलं गेलं. त्यात रोज बदलण्यासारखं काही नव्हतं, म्हणून आम्ही ते बदललंही नाही. डिसेंबर २०२२मध्ये गूगलनं मजकुराची प्रत जोखण्याच्या निकषांत ‘प्रत्यक्ष अनुभव’ हा शब्द जोडला, तेव्हा मला त्या दोन फोडींचा फोटो आठवला.

काही पानं मात्र बदलावीच लागली. कॅल्शियम कार्बाइडनं फळं पिकवायला बंदी आहे, हे आमच्याकडे पहिल्यापासून होतं. पुढे अन्नसुरक्षा प्राधिकरणानं इथिलीन वायूच्या वापराला १०० पीपीएमपर्यंत मुभा असल्याचं स्पष्ट केलं, तेव्हा ते पान नव्यानं लिहिलं. ऑक्टोबर २०१८मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांसाठी. ‘खरा हापूस कसा ओळखावा’ हे पान त्या दिवशी अर्ध्याहून जास्त बदललं. नोव्हेंबर-डिसेंबरात आफ्रिकेतल्या मलावीचा हापूस वाशीला उतरू लागला, तेव्हा काकांनी स्वतः फोन करून सांगितलं की लिही, कोकणचा नाही म्हणून स्पष्ट लिही. मालकांना ते तितकंसं रुचलं नव्हतं. तरी काकांच्या शब्दापुढे कुणी गेलं नाही.

मे २०२०मध्ये करोनाचे रुग्ण वाढल्यावर बाजार समितीचं आवार आठवडाभर बंद ठेवावं लागलं. भर हंगाम, झाडावर तयार फळ आणि बाजाराला कुलूप. त्या आठवड्यात आमच्या पानावर भाव नव्हताच. बाजार कधी उघडणार, सोसायटीच्या दारात थेट बागायतदाराची गाडी येऊ शकते का, परवाना कुठला लागतो, एवढंच आम्ही लिहीत होतो. काका तेव्हा घरात अडकले होते आणि दिवसभर फोनवर होते. पुढच्या वर्षी १६ मेच्या सुमारास तौते चक्रीवादळ सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या किनाऱ्यावरून गेलं. त्या रात्री काकांनी देवगडच्या बागायतदारांना एकामागून एक फोन लावले. लागत नव्हते. पहाटे एकाचा लागला. त्यानं सांगितलेलं काकांनी मला जसंच्या तसं सांगितलं, की झाडाखाली फळांचा सडा पडलाय, पडलेलं फळ कॅनिंगलाही कुणी घेईना. मी ते पानावर टाकलं. त्या दिवशी आमचं पान मोठमोठ्या वर्तमानपत्रांच्या बरोबरीनं शोधात दिसत होतं. मला त्याचा आनंद झाला नाही आणि काकांनी क्रमांक विचारलाही नाही. “त्या माणसाचं पैसं द्यायचं राह्यलंत, आज पाठवतो,” एवढं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मला त्यांच्याकडून काय मिळालं याचा विचार करते तेव्हा क्रमांकाची गोष्ट फार खाली येते. माझे वडील त्याच बाजारात आयुष्यभर राबले, पण त्यांच्या कामाची आणि माझ्या कामाची कधी गाठ पडली नव्हती. मी पडद्यासमोर बसून काय करते हे त्यांना कळत नसे, आणि ते विचारतही नसत. काकांनी ती गाठ घालून दिली. ‘आजची आवक’ सुरू झाल्यावर वडील संध्याकाळी मला पान वाचून दाखवायला सांगू लागले. कुठल्या गाडीचा माल उशिरा आला असेल, पाऊस कुठे पडला असेल, यावर बोलू लागले. एकदा म्हणाले, पेट्यांची संख्या लिहिता तशी उतरवणाऱ्या टोळीचीही लिहा. काकांना सांगितलं तर ते लगेच हो म्हणाले. त्या हंगामापासून आवकीच्या ओळीखाली माल उतरवणाऱ्या टोळीचा क्रमांक छापला जातो. गूगलला त्याचं काही नसेल. बाजाराला आहे.

मार्च २०२४मध्ये गूगलनं घाऊक मजकुराविरुद्ध नवं धोरण आणलं. यंत्राकडून किंवा माणसांकडून, केवळ शोधात वर येण्यासाठी पानांचे ढीग पाडणाऱ्या साइटांवर कारवाई होईल, असं त्यात होतं. माझ्या धंद्यातले बरेच जण घाबरले. हल्ली हापूसवरचा हजार शब्दांचा लेख मिनिटभरात तयार मिळतो आणि त्यात व्याकरणाची एकही चूक नसते. आज पहाटे तुर्भ्यात कुठली गाडी लागली आणि फळाला चमक का नव्हती, हे मात्र त्यात नसतं. ते तिथे पहाटे चार वाजता उभ्या असलेल्या माणसालाच माहीत असतं. या धंद्यात येणाऱ्या तरुण मुलामुलींना मी हेच सांगते की आधी तो माणूस शोधा, त्याच्यासाठी चहा सांगा, त्याचं म्हणणं त्याच्या शब्दांत उतरवून घ्या आणि पानावर त्याचं नाव घाला. त्याच्या वेळेचा मोबदलाही गिऱ्हाइकाच्या बिलात धरा. माहिती फुकट मिळते, ही आमच्या धंद्यातली सर्वांत वाईट सवय आहे. काकांना महिन्याचे पैसे मिळावेत म्हणून मी मालकांशी बोलले आणि त्यांनी ते आनंदानं सुरू केले. काका ते घ्यायला तयार नव्हते. अखेर ‘मेहनताना’ असं न म्हणता चोपडीत ‘बातमी खर्च’ असं खातं काढलं, तेव्हा कुठे त्यांनी सही केली.

काका आता गावी असतात. डोळ्यांना कमी दिसतं, फोन मात्र पहिल्या घंटेला उचलतात. गाळ्यावर आता त्यांच्या जागी बसणारी मुलगी वाणिज्य शाखेची पदवीधर आहे आणि आवक तीच टाकते. तारखेच्या बाबतीत काकांचाच नियम चालू आहे, बदल नसेल तर लिहायचं नाही. पानाच्या तळाशी माहिती देणाऱ्यांची नावं आहेत. त्यातलं पहिलं नाव काकांचं आहे आणि ‘बातमी खर्च’ अजूनही दर महिन्याला त्यांच्याच खात्यावर जमा होतो.